निर्वात पंपाची शोषण-नलिका

कारखान्यात निर्वात पंप, म्हणजे व्यवहारातला व्हॅक्यूम पंप, बसविताना त्याच्या शोषण-मुखाला नळ जोडण्याचे काम किरकोळ समजले जाते. वस्तुतः यंत्राचे आयुष्य बऱ्याच अंशी तेथेच ठरते. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 1 किलोग्रॅम असतो, आणि नळातील हवा निघून गेली की हा सारा भार त्याच्या भिंतींवर बाहेरून पडू लागतो. म्हणूनच पाण्यासाठी वापरला जाणारा पातळ रबरी नळ येथे चपटा होतो व तारेच्या वेटोळ्याने मजबूत केलेला नळ घ्यावा लागतो.

नळाचा व्यास पंपाच्या मुखाहून कमी नसावा. लांबी व वळणे अल्प असावीत. जोडणीपूर्वी वीज मुख्य स्विचपाशी तोडून त्याला कुलूप घालावे, आणि नळात वेल्डिंगचा मळ वा लोखंडाचा कीस उरला नाही याची जातीने खातरजमा करावी, कारण असा कण आत गेल्यास पंपाच्या अंतर्भागाला ओरखडे पडतात. नळाचा भार पंपाने पेलावा ही अपेक्षा सर्वथैव गैर आहे. त्याला स्वतंत्र आधार द्यावा व मध्ये लवचीक जोड ठेवावा. तेलाचा पंप थांबताच तेल उलट खेचले जाऊ नये म्हणून एकदिश झडपेची तजवीज असावीच.

चालू पंपाच्या उघड्या मुखावर तळहात ठेवून ओढ अजमावण्याची चाल मात्र कामगारबंधूंनी कटाक्षाने सोडावी. ते काम निर्वातमापकाकडे सोपवावे.