बारशाचे नाव



आमच्या नातीचे बारसे ठरले, तेव्हा चिरंजीवांनी 'नताशा' हे नाव सुचविले. आम्ही रागावलो. आपल्या देवादिकांची नावे का संपली, असे बोलून गेलो. सूनबाईंनी डोळे पुसले. चिरंजीवांनी दोन दिवस आमच्याशी अबोला धरिला.

मग आम्हीच विचारास लागलो. मालोजीराजे भोसले यांनी नगरच्या शहाशरीफ पिराच्या कृपेचे स्मरण म्हणून पुत्रांची नावे शहाजी व शरीफजी ठेविली, अशी परंपरा सांगतात. तेणेकरून कुळास बट्टा लागला नाही. शहाजीराजांच्याच पोटी शिवछत्रपती जन्मले. आमच्या मातोश्रींचे नाव गुलाबबाई. 'गुलाब' हा शब्द मूळचा फारसी. परंतु आईचे नाव परके, असे आम्हांस कधी वाटले नाही.

मात्र नुसता नाद गोड म्हणून नाव उचलू नये. मालोजीराजांनी ते कृतज्ञतेने घेतले होते. 'नताशा' हे रशियन 'नतालिया'चे लाडके रूप. त्याच्या मुळाशी येशूचा जन्मदिन दर्शविणारा लॅटिन शब्द आहे. टॉलस्टॉयच्या १८६९ साली पूर्ण झालेल्या 'वॉर अँड पीस' कादंबरीची नायिकाही नताशाच. चिरंजीवांस हे सारे ठाऊक होते, आम्हांसच नव्हते.

नाव ज्यांचे, त्यांचा मान राखावा. आणि उद्या मुलीने विचारिले, तर तिला अर्थ सांगता यावा, एवढेच आमचे मागणे आहे.

बारशाच्या दिवशी आत्याबाईंनी नातीच्या कानात 'नताशा' म्हटले. पाळण्यास पहिला झोका आम्ही दिला.