मृतदेहाचें रक्षण : परीक्षा आणि द्रव्ययोजना

वसई तालुक्यांतील आचोळें हें गांव नालासोपाऱ्याच्या पूर्वेस आहे. तेथील एखाद्या घरीं ऐन वैशाखांत काविळीनें वृद्ध पिता निवर्तला, आणि आखातांत नोकरीस असलेला मुलगा तीन दिवसांनीं पोंचणार आहे, अशी कल्पना करा. ‘तोंवर देह राहील ना?’ एवढाच प्रश्न त्या घरापुढें उरतो. त्यास उत्तर देणारी विद्या ती शवसंरक्षणाची. तिलाच एम्बामिंग म्हणतात.

देह टिकण्याची गोष्ट या प्रांतास नवी नाहीं. संत फ्रान्सिस झेवियर यांचे पाय वसईस लागले होते. ३ डिसेंबर १५५२ रोजीं ते चीनजवळच्या शांगच्वान बेटावर वारले. अस्थि लवकर हातीं याव्यात म्हणून पेटींत चुना घालण्यांत आला. परंतु पुढल्या फेब्रुवारींत ती उघडली तों देह अविकृत आढळला. १५५४ सालीं तो गोव्यास आणल्यावर वैद्यांनीं त्याची तपासणी केली. श्रद्धावंत त्यास चमत्कार मानतात. त्या वादांत न शिरतां एवढेंच ध्यानांत घ्यावें, कीं तेव्हांहि आधीं झाली ती देहाची परीक्षा. आजहि आरंभ तेथूनच होतो.

पहिला प्रश्न मृत्यूच्या कारणाचा. मृत्यु अपघाती वा संशयास्पद असेल, तर पंचनामा व शवविच्छेदन आधीं झालें पाहिजे; कारण एकदां औषध रक्तवाहिन्यांत शिरलें, कीं विषाचे पुरावे बिघडतात. त्यानंतर जाणता मनुष्य अंगास हात लावतो. मरून किती तास झाले, अंग ताठरलें आहे काय, पोटाच्या उजव्या बाजूस खालीं हिरवट झांक आली आहे काय, हें तो पाहतो. ती झांक कुजण्याची पहिली खूण होय. कातडीवर बोट दाबलें असतां खळगा तसाच राहिला, तर अंगांत पाणी सांचलें आहे. ओंठ सुकलेले व डोळे खोल गेलेले असतील, तर देह कोरडा आहे. डोळ्यांचें पांढरें पिवळें दिसलें, तर कावीळ.

या परीक्षेवर द्रव्याची निवड ठरते. मुख्य द्रव्य फॉर्मालिन, म्हणजे फॉर्माल्डिहाइड वायूचें पाण्यांतील द्रावण; त्यांत शेंकडा सुमारें ३७ भाग वायु असतो. १८९३ सालीं फर्डिनांड ब्लूम या जर्मन शास्त्रज्ञास त्याच्या स्पर्शानें बोटांची कातडी घट्ट होते असें आढळलें, आणि त्याचा हा गुण उजेडांत आला. तें मांसांतील प्रथिनें बांधून टाकतें व जंतूंना मारतें. त्यांत पुष्कळ पाणी मिसळून तें सौम्य करतात; मऊपणासाठीं ग्लिसरीन, जंतु व बुरशी यांवर फिनॉल, रक्ताच्या गुठळ्या होऊं नयेत म्हणून सायट्रेट, आणि वर्ण राखण्यास थोडा तांबूस रंग घालतात.

प्रमाण मात्र एकच नसतें. सुजलेल्या देहांतील पाणी औषधास पातळ करतें, म्हणून तेथें द्रावण तीव्र लागतें. मूत्रपिंडाच्या विकारांत सांचलेला मळ फॉर्माल्डिहाइडच खाऊन टाकतो. तेथेंहि तीव्रच लागतें. कोरड्या देहास मात्र सौम्य द्रावण व अधिक ग्लिसरीन हवें. वैद्यकीय महाविद्यालयांत विद्यार्थ्यांसाठीं देह कित्येक महिने ठेवावा लागतो. तेथें रंगापेक्षां टिकाऊपणाच मोठा. बेवारशी देह तेथें देण्याची कायदेशीर व्यवस्था १९४९ च्या मुंबईच्या कायद्यानें झाली.

आतां आचोळ्याच्या त्या घराकडे वळूं. कावीळ झालेल्या अंगांत तीव्र फॉर्मालिन घातलें, तर पिवळें द्रव्य बदलून हिरवें होतें. द्रावण सौम्य ठेवावें, तर वैशाखांत पोट टिकत नाहीं. म्हणजे देह राखावा तर चेहरा जातो, आणि चेहरा राखावा तर देह जातो! कुशल हात यांतून वाट काढतात. मानेच्या दोन्ही धमन्या उघडून आधीं धडास तीव्र द्रावण देतात, जवळच्या शिरेंतून रक्त बाहेर काढतात, आणि शेवटीं डोक्याकडे फॉर्माल्डिहाइड अल्प असलेलें निराळें द्रावण हलकेच सोडतात. पोटांतील द्रव वेगळा शोषून तेथें तीव्र औषध भरतात.

हें काम घरीं करावयाचें नव्हे. फॉर्माल्डिहाइडनें कर्करोग होतो, असा निर्णय २००४ सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोगसंशोधन संस्थेनें दिला. म्हणून हवा खेळती असलेली खोली, हातमोजे व मुखावरण अवश्य आहे. घरच्यांनीं करावयाचें तें इतकेंच : मृत्यूची वेळ, आजार आणि चाललेलीं औषधें खरीं खरीं सांगावींत, व विलंब न करतां देह थंडाव्यांत ठेवावा. लाजेनें लपविलेला आजार तेथें चेहऱ्यावर उमटतो.

तीन दिवसांनीं मुलगा उंबरठ्याशीं येईल. त्यास द्रावणांचीं नांवें ठाऊक असण्याचें कारण नाहीं. समोर बापाचा ओळखीचा चेहरा दिसला, म्हणजे त्या विद्येचें सार्थक झालें.