रिमांड होमनंतर काय?

(गणेशोत्सवातील भाषण)



मी डॉक्टर नाही, समाजसेवकही नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, रुळांचे काम पाहणारा माणूस. पण यार्डात जे पाहिले, ते आज बाप्पासमोर सांगतो.

काही वर्षांपूर्वी रात्रपाळीत, उभ्या डब्यामागे तेरा-चौदा वर्षांचा मुलगा सापडला. तोंडाशी पंक्चरच्या सोल्यूशनने भिजलेला रुमाल, शेजारी चोरलेली तांब्याची वायर. मीच पोलिसांना बोलावले. त्याची रिमांड होममध्ये रवानगी झाली. वाटले, प्रश्न मिटला. दोन महिन्यांनी तोच मुलगा, तोच रुमाल! विचारले, "तिथं औषधपाणी काही केलं का रे?" म्हणाला, "जेवण चांगलं होतं, साब." नंतर तो दिसला नाही.

या सोल्यूशनमध्ये टोल्यूइन असते. ते हुंगले की भूक, थंडी, भीती यांचा विसर पडतो. पण मेंदू कायमचा बिघडू शकतो, क्वचित हृदय एकाएकी बंद पडते. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याच्या नशेचे प्रमाण मोठ्यांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वयाच्या मुलांत १.१७ टक्के निघाले. सुमारे ४.६ लाख मुलांना उपचारांची गरज होती.

कायदा आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९३ नुसार व्यसनी मुलाला निरीक्षणगृहातून उपचार केंद्रात हलवता येते. कलम ७७ नुसार मुलाला दारू, अमली पदार्थ वा तंबाखू देणाऱ्यास ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. सोल्यूशनचे नाव मात्र त्यात नाही. ते दुकानात उघड मिळते.

रुळाला तडा गेला, तर आम्ही फिशप्लेट लावून गाडी हळू सोडतो. पण रूळ बदलेपर्यंत काम संपले असे कोणी म्हणत नाही. रिमांड होम ही फिशप्लेट आहे. खरे काम पुढचे: उपचार, पाठपुरावा, हाताला काम. पुण्यात १९८६ साली डॉ. सुनंदा व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणने व्यसन हा आजार आहे, हे महाराष्ट्राला पटवले. आपल्या बसवनगुडीपासून निम्हान्स तर हाकेच्या अंतरावर. तेथे व्यसनमुक्ती विभाग आहे.

मंडळी, असे मूल दिसले तर हाकलू नका. १०९८ वर फोन करा. आणि माझ्यासारखे तिथेच थांबू नका. पुढे त्याचे काय झाले, ते विचारा. मी विचारले नाही, याची खंत आहे. यंदा मंडळाने निदान एका मुलाला काम शिकवण्याचा खर्च उचलावा. पहिली वर्गणी माझी.

गणपती बाप्पा मोरया!