जोधपूर नगरीचे पाणी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मरुभूमीतील शहर म्हटले की पाण्याच्या दुर्भिक्षाचीच कथा ऐकावयास मिळणार, अशी आपली अपेक्षा असेल. ती कथा आम्ही सांगणार आहोतच. परंतु जोधपूर शहराची आजची अवस्था त्याहून चमत्कारिक आहे. तेथे जुन्या पेठांतील तळघरांत जमिनीखालचे पाणी झिरपून साचते आणि पंप लावून ते गटारात सोडून द्यावे लागते. त्याच शहरास उन्हाळ्यात नळाचे पाणी मोजूनमापून घ्यावे लागते. हे कसे घडले, एवढेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

राव जोधाने १४५९ साली ज्या टेकडीवर किल्ल्याचा पाया घातला, तेथे चिडियानाथ नावाचा योगी राहत असे. त्यास तेथून उठविले तेव्हा या राज्यास पाण्याचा तोटा पडत राहील असा शाप त्याने दिला, अशी दंतकथा आहे. आमच्या मते शापाची जरूर नव्हती. वर्षाकाठी सरासरी ३६० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक आषाढ ते भाद्रपद एवढ्यातच, आणि त्याचाही भरवसा नाही. इतके कारण पुरेसे आहे. मात्र शाप खरा मानणारे ते लोक हात जोडून बसले नाहीत. जोधाची राणी जसमादे हाडी हिने किल्ल्याच्या पायथ्याशी राणीसर तलाव बांधविला. बालसमंद त्याच्याही पूर्वीचा, ११५९ सालचा मानला जातो. १८७२ साली प्रतापसिंहांनी कायलाना सरोवर बांधविले. शहराबाहेरील खडकाळ पठारावर पडणारे पाणी पाटांनी वळवून या तलावांत आणले जाई. तलावांतून भूमीत मुरलेले पाणी खालच्या अंगाच्या बावड्यांना आणि झालऱ्यांना मिळे. बावडी म्हणजे पायऱ्यांची विहीर, हे आपणांस ठाऊकच आहे. झालरा हा चौकोनी असून त्याच्या तीन बाजूंस पायऱ्या असतात. वरचा तलाव भरला की खालची विहीर जिवंत, असा हा एकाच कुटुंबासारखा संसार होता. पठारावर पुढे दगडाच्या खाणी निघाल्या, पाट तुटले, आणि त्या संसारात फूट पडली.

घरातील व्यवस्था तर आम्हांस अधिकच विचार करावयास लावते. गच्चीवरचे पाणी पन्हळीने उतरवून घराखालच्या टाक्यात साठवीत आणि त्या टाक्यास कुलूप लावीत. धान्याच्या कोठारास कुलूप आम्ही पाहिले आहे. पाण्यास कुलूप ही मारवाडचीच रीत! तूप सांडले तर काही बिघडत नाही, पाणी सांडले तर जीव जळतो, अशा अर्थाची म्हण तिकडे आहे. यात काव्य किती आणि हिशेब किती, ते पाहा. १०० चौरस मीटरची गच्ची आणि ३६० मिलिमीटर पाऊस म्हणजे ३६,००० लिटर पाणी. पैकी चौथा हिस्सा वाया गेला असे धरले तरी २७,००० लिटर उरते. सहा माणसांच्या घरात पिण्यास आणि स्वयंपाकास रोज ६० लिटर लागले, तर वर्षाचे होतात २१,९०० लिटर. म्हणजे सरासरीइतका पाऊस झालेल्या वर्षी एवढी गच्ची घराची तहान भागवू शकते, तीही मरुभूमीत. आपल्याकडे याच्या दुप्पट-तिप्पट पाऊस पडणाऱ्या गावांत चैत्र उजाडताच टँकरची वाट पाहिली जाते, याचे आम्हांस नवल वाटते.

परंतु जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकून ठेवणे ज्ञातीच्या व्यासपीठावर तरी योग्य होणार नाही. राण्यांनी, सावकारांनी आणि निरनिराळ्या जातींनी पुण्यबुद्धीने पाणवठे बांधले. त्यांचा गाळ काढणे, पायऱ्या स्वच्छ ठेवणे ही कामे आपली मानली. पण ज्याचा पाणवठा त्याचाच अधिकार, आणि ज्यांना अस्पृश्य ठरविले होते त्यांना कोणाच्या तरी दयेची वाट पाहत दूर उभे राहावे लागे. हा प्रकार मारवाडात होता तसा आपल्याकडेही होता. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, तो कशासाठी? नळाने जात विचारली नाही. हे नळाचे उपकार थोडे नव्हेत, आणि जे लोक नळाला सरसकट नावे ठेवतात त्यांनी ते ध्यानी धरावे.

आता नळाची कथा. पंजाबातील हरिके येथून निघणाऱ्या राजस्थान कालव्याचे काम १९५८ साली सुरू झाले. पुढे त्यास इंदिरा गांधींचे नाव मिळाले. त्यापासून सुमारे दोनशे किलोमीटरचा एक फाटा काढून, जागोजागी पंपांनी पाणी वर चढवीत, १९९० नंतरच्या दशकात सतलज-बियासचे पाणी जोधपूरला पोहोचले. त्याच्या आधीच्या दशकातल्या दुष्काळात हेच शहर इतके गांजले होते, की तापी आणि जालप या जुन्या बावड्यांचा गाळ उपसून त्यांचे पाणी कामी लावावे लागले होते. कालवा येताच बावड्यांची आठवण कोणास राहिली नाही. उपसा थांबला, उलट नव्या पाण्याची गळती, सांडपाणी आणि, काही भूजलतज्ज्ञांच्या मते, सरोवरांतून झिरपणारे पाणी जमिनीत भर घालीत राहिले. पाण्याची पातळी वर येत येत तळघरांपर्यंत आली. ज्या पाण्यासाठी पूर्वी दोनदोनशे फूट खोल उतरावे लागे, ते आपण होऊन भेटीस आले, तर त्याचे स्वागत गटाराने झाले!

कालव्याची डागडुजी निघते त्या उन्हाळ्यातल्या आठवड्यांत पाणी बंद होते. तेव्हा दहा लाखांहून अधिक वस्तीचे हे शहर कायलाना आणि त्याच्या शेजारचा तख्तसागर यांतील साठ्यावर तगते. म्हणजे परगावचे पाणी साठवावयासही घरचेच जुने सरोवर उपयोगी पडले. जोधपूरहून पाली शहराकडे २०२२ साली पाण्याची आगगाडी धावली, हेही येथे सांगावयास हवे. पालीचा जवाई बंधारा तेव्हा आटत आला होता, आणि याच जवाईचे पाणी पूर्वी जोधपूर पीत असे.

तळघरांतले पाणी पिण्याजोगे नसेल. पण बागांना, बांधकामास, धुण्यास ते का चालू नये? त्यासाठी निराळी नळवाट घालावी लागेल, खर्च येईल. कालव्याचे पाणी शेकडो कोस उपसून आणण्यास मात्र खर्च येत नाही, असे कोणी म्हणणार आहे काय? देणगीदारांच्या नावांची यादी आपल्या याच अंकात पुढे आहे. त्यांतील पुष्कळांनी धर्मशाळेच्या खोल्यांना हात दिला आहे. एखाद्या विहिरीचा गाळ काढण्यास कोणी पुढे आल्याचे आमच्या तरी नजरेस आले नाही.

आपणांपैकी कोणास तिकडे जाण्याचा योग आला, तर किल्ला पाहून झाल्यावर तूरजीचा झालरा अवश्य पाहावा. अठराव्या शतकात महाराज अभयसिंहांच्या राणीने तो बांधविला. वर्षानुवर्षे तो गाळाने भरून गेला होता. अलीकडे उपसला, तेव्हा तांबड्या दगडातले कोरीव काम उघडे पडले. बैलांकरवी रहाटाने पाणी दोन टप्प्यांत वर कसे चढवीत, त्याच्या खुणा तेथे अजून दिसतात. पोरे कठड्यावरून खुशाल उड्या मारतात. आम्ही पाहिले तेव्हा पाणी स्वच्छ होते.