पक्षाघात आणि रक्तातील साखर

(वार्षिक सर्वसाधारण सभेत वैद्यकीय विभागाच्या वतीने केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी नव्या यंत्रसामग्रीचा वृत्तान्त सादर होतो. यंदा रुग्णाच्या बोटातून निघणाऱ्या रक्ताच्या एका थेंबाविषयी बोलावे, असे आम्हांस वाटले.

पक्षाघाताचा रुग्ण दाखल होताच परिचारिका प्रथम त्याची साखर पाहते. ती दोनशेच्या पुढे निघाली की नातेवाईक चकित होतात. ‘ह्यांना तर कधी मधुमेह नव्हता’, हे वाक्य आम्ही वारंवार ऐकतो, आणि ते पुष्कळदा खरेही असते. मेंदूवर आघात झाला की शरीर ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल यांसारखी संप्रेरके रक्तात सोडते आणि त्यांच्यामुळे साखर चढते. काहींच्या बाबतीत मात्र वर्षानुवर्षे लपून राहिलेला मधुमेह त्या दिवशी प्रथम उघडकीस येतो. मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ‘एचबीएवनसी’ ही तपासणी करून हा भेद बहुधा स्पष्ट करता येतो.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, परंतु ऊर्जेचा वापर सुमारे २० टक्के. रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की मधला भाग लवकर मरतो. सभोवतीचा भाग मात्र अर्धपोटी का होईना, काही काळ तग धरून असतो. रुग्णाचा हात पुन्हा उचलला जाईल की नाही, हे पुष्कळसे या भागावर अवलंबून असते. तेथे प्राणवायू अपुरा असताना साखर मुबलक असेल, तर ती अर्धवट जळते, लॅक्टिक आम्ल साचते आणि त्या पेशींची हानी वाढते, असे मानले जाते. दाखल होताना साखर फार असलेले रुग्ण तुलनेने कमी सावरतात, हे तर अनेक देशांत दिसून आले आहे.

मग इन्सुलिन देऊन साखर तातडीने उतरवावी, हे ओघानेच आले. नातेवाईकही तसा आग्रह धरतात. परंतु ही कल्पना कसोटीस उतरली नाही. ब्रिटनमधील ९३३ रुग्णांच्या अभ्यासाने २००७ मध्ये निराशा केली. त्यानंतर अमेरिकेतील ‘शाइन’ अभ्यासात १,१५१ रुग्ण होते. एका गटाची साखर शिरेतून इन्सुलिन देऊन ८० ते १३० मध्ये, तर दुसऱ्याची १८० च्या आत ठेवण्याचा प्रयत्न झाला. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनंतर चांगले सावरलेले रुग्ण कडक गटात २०.५ टक्के, तर नेहमीच्या गटात २१.६ टक्के, म्हणजे लाभ काहीच नाही. उलट साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रकार केवळ कडक गटातच घडले. म्हणूनच आम्ही साखर साधारणपणे १४० ते १८० च्या दरम्यान राखतो. हा हलगर्जीपणा नव्हे, हे आप्तेष्टांनी कृपया ध्यानी घ्यावे.

खाली गेलेली साखर मेंदूला मुळीच सोसत नाही, कारण त्याच्यापाशी साठा जवळजवळ नसतो. इतकेच नव्हे, साठच्या खाली गेलेली साखर कधीकधी पक्षाघाताचे सोंग घेते : हात लुळा, वाचा अडखळलेली. त्यामुळे गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत देण्याची कितीही घाई असली, तरी साखर पाहिल्यावाचून ते दिले जात नाही.

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातील १९ पक्षाघात कक्षांत झालेला एक अभ्यास आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. तेथे नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. परिचारिकांनी पहिले तीन दिवस तीन गोष्टी ठरल्या नियमाने सांभाळल्या : ताप, साखर आणि गिळण्याची क्षमता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी मृत्यू पावलेले वा परावलंबी राहिलेले रुग्ण या कक्षांत ४२ टक्के होते. इतरत्र ५८ टक्के. यातील किती श्रेय एकट्या साखरेचे, हे वेगळे काढता येत नाही. पण पहाऱ्याचे मोल त्यातून कळते.

गिळण्याचा उल्लेख आला म्हणून एक विनंती. रुग्णाच्या तोंडाला कोरड पडलेली पाहून माउली चमच्याने लिंबूसरबत, शहाळ्याचे पाणी किंवा ग्लुकोजचे पाणी पाजू लागते. त्या मायेपोटी साखर तर चढतेच, शिवाय ठसका न लागताही ते पाणी फुफ्फुसात उतरू शकते. सिस्टर अडवतात तेव्हा राग मानू नये. त्याऐवजी रुग्ण मधुमेहाची कोणती गोळी घेत होता आणि शेवटची केव्हा घेतली, हे सांगावे; घरातील औषधांची पिशवीच घेऊन आलात तर उत्तम.

देणगीदारांस एवढेच सांगणे, की ग्लुकोमीटरच्या पट्ट्या एकदा वापरून टाकून द्याव्या लागतात, आणि पहाटे तीन वाजता साखर पाहण्यासाठी रात्रपाळीला पुरेशा परिचारिका असाव्या लागतात. पट्ट्यांच्या डबीवर कुणाच्या स्मरणार्थ संगमरवरी पाटी बसवता येत नाही, ही आमची अडचण आहे खरी! तरीही यंदा आपली देणगी या खर्चासाठी द्यावी, अशी आमची प्रार्थना आहे.

घरी गेल्यावर पहारा कुटुंबाकडे येतो. इन्सुलिन वा गोळी घेऊन, न खाता व्यायामास बसलेल्या रुग्णाची साखर उतरू शकते. एरवी माणूस सांगतो, ‘घाम फुटला, हात थरथरतात.’ ज्याची वाचाच गेली आहे, तो हे सांगू शकत नाही. तो अकारण चिडला, गळून गेला किंवा घामाघूम झाला, तर आधी साखर पाहावी. सत्तरच्या खाली असेल आणि तो नीट गिळू शकत असेल, तरच तोंडाने साखर द्यावी. गिळता येत नसेल वा शुद्ध हरपत असेल, तर तत्काळ रुग्णालयात आणावे. ही तपासणी घरी सोडण्यापूर्वी कक्षातील परिचारिका शिकवतात. त्या वेळी घरात रुग्णाजवळ दिवसभर जी व्यक्ती राहणार आहे, तिलाच सोबत आणावे.