पावसाळी हवा आणि केसांची निगा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर वेदान्त, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय शोभतात. त्यांच्या पंक्तीला केसांचा विषय आणून बसविणे काहींना खटकेल. पण औंधात तरी तो खटकू नये, असे आम्हांस वाटते. याच गावी बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारासारखी घरच्या अंगणातली गोष्ट संस्थानच्या कारभारात आणून बसविली. याच संस्थानच्या मुलखात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि तेथून १९३० साली 'स्त्री' मासिक निघू लागले. बायकांच्या जिव्हाळ्याच्या गोष्टी चारचौघांत बोलण्यासारख्या असतात, हे त्या मासिकाने महाराष्ट्राला शिकविले. आणि जुना दाखलाच हवा असेल, तर द्रौपदीचा घ्या. अज्ञातवासात विराटाच्या घरी ती सैरंध्री होऊन राहिली, ती 'मला केशरचना येते, उटणी वाटता येतात' असे सांगून. केसांची निगा ही तेव्हाही एक विद्या मानली जात होती.

कोणी म्हणेल, औंधची हवा कोरडी, येथे दमटपणाचे काय? खरे आहे. आपल्याच जिल्ह्यात महाबळेश्वरी सालीना पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि खटाव-माणच्या वाट्याला त्याचा दहावा हिस्सा आला तरी आपण समाधान मानतो. पण याच कोरडेपणामुळे आपली माणसे पोटासाठी मुंबईची वाट धरत आली. पूर्वी गिरणीत गेली, आता लेकीबाळी शिक्षणाला आणि नोकरीला जातात. येथे ज्या मुलीची वेणी सकाळी घातली की संध्याकाळपर्यंत जागची हलत नाही, तिचेच केस जुलै महिन्यात मुंबईत पोचले की पिंजारलेल्या कापसासारखे उभे राहतात. तेल बदलते, शाम्पू बदलतो, पैसे जातात, पण केस बसत नाहीत. मग ती आपल्या केसांनाच दोष देऊ लागते. हा दोष केसांचा नाही, हे प्रथम समजून घ्यावे.

केस हे हवेतील ओलावा मोजण्याचे उत्तम साधन आहे. जिनीव्हाच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने १७८३ साली आर्द्रतामापकाचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात त्याने माणसाचा तेलकटपणा काढलेला केसच ताणून बसविला होता. हवा दमट झाली की केस लांबतो, कोरडी झाली की आखडतो. अगदी कोरड्या हवेतून अगदी ओल्या हवेत नेला तर त्याची लांबी शेकडा दोन-अडीचने वाढते. वेधशाळांतून असली केसाची यंत्रे पुढे कितीतरी वर्षे चालली. तेव्हा पावसाळ्यात ज्यांचे केस फुलतात, त्यांच्या डोक्यावर एक चोख यंत्र आहे, एवढाच त्याचा अर्थ.

हे घडते कसे? केसाच्या बाहेरच्या अंगाला सूक्ष्म खवले असतात. आपल्या घराच्या छपरावर मंगळुरी कौले जशी एकीवर एक वळचणीकडे तोंड करून बसविलेली असतात, तसे ते मुळाकडून टोकाकडे बसलेले असतात. त्यांवर मेदाचा अतिशय पातळ थर असतो. आत केराटिन नावाच्या प्रथिनाचे धागे आहेत. या धाग्यांना एकमेकांशी बांधणारे काही बंध पक्के, तर काही कच्चे असतात. कच्चे बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. म्हणून ओल्या केसांची वेणी घालून ती वाळू दिली की केसांना लाटा पडतात. दमट हवेत हेच थोडे थोडे दिवसभर चालते. बंध सुटतात आणि नव्या ठिकाणी जुळतात. प्रत्येक केस आपापल्या परीने वळतो, शेजाऱ्याशी समांतर राहत नाही, आणि सगळे मिळून फुलारा होतो. ज्यांची कौले शाबूत त्यांच्या घरात पाणी हळू शिरते, ज्यांची फुटली त्यांच्या घरात धो धो. कडक साबण, वारंवार रंग आणि तापलेली इस्त्री यांनी ही कौले फुटतात.

आता उपायांकडे वळू. सुरुवात न्हाण्यापासून. अंगाचा साबण केसांना लावू नये. साबण क्षारधर्मी असतो. त्याने खवले उघडतात, आणि आपल्या विहिरींच्या जड पाण्यात त्याची चिकट साय केसांवर बसते. मग केस राठ लागतात आणि आपण आणखी साबण लावतो. शिकेकाई त्या मानाने सौम्य, तिचे पाणी किंचित आंबट असते. पण तिची भरड पूड डोक्यावर चोळू नये, ती खवल्यांना खरवडते. शेंगा उकळून, पाणी वस्त्रगाळ करून वापरावे. शाम्पू वापरणारांनी सौम्य घ्यावा, तो टाळूला लावावा. लांब केसांना वाहून येणारा फेस पुरतो. पाणी फार जड असेल तर शेवटी तांब्याभर पाण्यात चमचाभर गाळलेला लिंबाचा रस घालून ते केसांवरून ओतावे आणि वर साधे पाणी घ्यावे.

दुसरी गोष्ट तेलाची. खोबरेलाविषयी आपल्या आज्या जे सांगत, त्याला प्रयोगशाळेचा दुजोरा मिळाला आहे. रेले आणि मोहिले या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना व विंचरताना केसांतील प्रथिन झिजते. ती झीज खोबरेलाने कमी झाली, इतर दोहोंनी तशी झाली नाही. खोबरेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान व सरळ, म्हणून ते केसाच्या आत शिरते, असे त्यांचे स्पष्टीकरण. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच प्रयोगशाळेतले, हेही श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. पण मांडणी सयुक्तिक आहे. मात्र तेल न्हाण्यापूर्वी लावावे, म्हणजे केस पाणी कमी पितो. न्हाल्यावर तळहातावर दोन थेंब घेऊन केवळ टोकांना पुसावे. केस तेलाने थबथबले म्हणजे बसले असे नव्हे. त्यांवर धूळ बसते आणि पुन्हा कडक धुणे ओढवते.

तिसरी गोष्ट बाजारातील बाटल्यांची. न्हाल्यावर लावून धुवून टाकायचे कंडिशनर हे खरोखर उपयोगी आहे. झिजलेल्या केसावर ऋण विद्युत्भार असतो आणि कंडिशनरातील द्रव्यावर धन. म्हणून ते जेथे झीज जास्त तेथेच जाऊन चिकटते आणि केस एकमेकांवरून सहज घसरतात. ते टाळूला न लावता कानाखालच्या केसांना लावावे. दुसरे, न धुता ठेवायचे सीरम. त्यात बहुधा सिलिकोन असते. ते केसावर पातळ पडदा धरते आणि ओलावा आत शिरण्यास उशीर लावते. केस किंचित ओले असतानाच एक-दोन थेंब लावले तर गुण येतो. पिंजारल्यावर लावून फारसा उपयोग नाही. तिसरे द्रव्य ग्लिसरीन. ते हवेतील ओलावा ओढून घेते. बेताच्या हवेत याने केस मऊ राहतात, पण मुंबईच्या आषाढात तेच केसाला आणखी फुगवू शकते. म्हणून बाटलीवरील यादी वाचावी. यादीत सहसा जास्त असलेले द्रव्य आधी लिहितात. ग्लिसरीन अगदी वर दिसले तर ती बाटली माघापर्यंत ठेवून द्यावी. किंमत पाहून काही ठरत नाही, यादी पाहून ठरते.

चौथी गोष्ट बिनपैशाची. ओला केस सर्वांत दुबळा असतो. त्याला खसाखसा पुसू नये, जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याने टिपावे. रुंद दातांच्या फणीने टोकाकडून सुरुवात करून वर यावे. अर्धवट वाळत आले की सैल वेणी घालावी आणि पुरते वाळेपर्यंत हात लावू नये. ज्या आकारात केस वाळतो तो आकार तो धरून ठेवतो, हे वर सांगितलेच आहे. आपली वेणी ही जुनी आणि शहाणी युक्ती आहे. ज्यांचे केस मुळातच कुरळे, त्यांनी ते सरळ करण्याच्या नादी न लागता कंडिशनर लावून बोटांनी वळण द्यावे.

आता दोन गोष्टी कळकळीने सांगावयाच्या आहेत.

एक, केस कायमचे सरळ करून देणाऱ्या दुकानांविषयी. 'केराटिन' या गोंडस नावाखाली जे लेप लावतात त्यांपैकी काहींत फॉर्माल्डिहाइड असते, किंवा इस्त्रीच्या उष्णतेने ते मोकळे होते. हा वायू माणसाला कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली दिला. त्याऐवजी ग्लायॉक्सिलिक आम्ल वापरू लागले, तर त्याने मूत्रपिंडास इजा झाल्याची हकिकत २०२४ साली वैद्यकीय नियतकालिकात आली. गिऱ्हाईक वर्षातून एकदा जाते. पण त्या दुकानात दिवसभर तो धूर हुंगणारी मुलगी आपल्याच कुणाची तरी असते. लग्नाच्या मुलीला 'केस सरळ करून घे' असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी एवढा विचार करावा.

दुसरी गोष्ट जटेची. पिंजारलेल्या केसांचा गुंता होतो. बाळंतपण, आजारपण, दारिद्र्य यांत तो तसाच राहिला की रोज गळणारे केस त्यातच अडकतात, घाम आणि धूळ मिसळते, आणि जट तयार होते. मग कोणी म्हणते, यल्लम्माने केस मागितले. बाई घाबरते, वर्षानुवर्षे ते ओझे मानेवर वागवते. त्यात उवा होतात, डोक्याला जखमा होतात. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली स्थापन केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशा अनेक बायाबापड्यांची समजूत घालून जटा उतरविल्या. २०१३ साली डॉक्टरांची हत्या झाली, तरी ते काम थांबले नाही. आई यमाईच्या गावात उभे राहून आम्ही सांगतो की कात्री आणि फणी लावल्याने कोणत्याही देवीचा कोप होत नाही. कोणाच्या घरी अशी बाई असेल, तर हे व्याख्यान संपल्यावर तिच्याशी प्रेमाने बोला.

श्रोतेहो, महिन्या-दीड महिन्यात मृग लागेल. आपल्याकडे तो ढग बघायला माणसे आसुसलेली असतात. पावसाने केस थोडे फुलले तर त्याचे दुःख मानू नये. फणी रुंद असावी, तेल थोडे असावे, बाटलीवरची यादी वाचलेली असावी, आणि आरशात पाहताना मुलीच्या मनात लाज नसावी. एवढे साधले तरी या विषयाचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.