शेजारधर्म आणि आपली वडीलधारी माणसे



संयोजकांनी मला वृद्धांच्या प्रश्नावर चार शब्द बोलावयास सांगितले आहे. मी तज्ज्ञ नव्हे. परंतु माझे निम्मे आयुष्य मुंबईच्या बी.डी.डी. चाळीत गेले, म्हणून हे धाडस करीत आहे.

1920 च्या दशकातील त्या चाळींत एका मजल्यावर वीस खोल्या, खोली 160 चौरस फुटांची, मधून लांबलचक व्हरांडा, संडास सामायिक. त्या गैरसोयीचे गोडवे मी गाणार नाही. नळावरची भांडणे मला आठवतात. पण म्हातारे माणूस सकाळी बादली घेऊन बाहेर दिसले नाही, तर तासाभरात चार जण चौकशी करीत. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. स्वतःचे न्हाणीघर आले. चांगलेच झाले. मात्र दारे बंद झाली.

मी त्याआधीच उपनगरातील इमारतीत राहावयास गेलो होतो. समोरच्या मावशी एकट्या, मुलगा पुण्याला. एके दिवशी सकाळी सात वाजता त्यांच्या दाराला दुधाची पिशवी लटकलेली मी पाहिली आणि कामाला निघून गेलो. संध्याकाळी परतलो तेव्हाही पिशवी तिथेच! दार फोडावे लागले. मावशी आदल्या रात्रीपासून न्हाणीघरात पडून होत्या. वाचल्या, पण पुन्हा नीट चालल्या नाहीत. ती पिशवी मी पाहिली होती, हे त्यांना सांगण्याचे धैर्य मला आजतागायत झालेले नाही.

त्यानंतर आम्ही मजल्यावर बैठक घेतली. एकट्या राहणाऱ्याने आतून कडी लावायची नाही, नुसते लॅच. दुसरी चावी शेजारी. औषधांचा आणि मुलांच्या फोनचा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला. केंद्र शासनाची 14567 ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालते; निवृत्तिवेतन, कायदा, घरातील छळ यांसाठी तिचा उपयोग होतो. रात्री कोणी पडल्यास 108 ची रुग्णवाहिका येईल, पण कडी आतून असेल तर ती बिचारी काय करणार?

वरच्या मजल्यावरचे एक निवृत्त गिरणी कामगार मात्र संतापले. "मी मेलो की जिवंत आहे, हे बघायला येता काय?" आमची चूकच होती. त्यांना कोणी काही विचारलेच नव्हते, नुसते यादीत नाव घातले होते. मग सर्व एकट्यांना रोज सकाळी फोन करण्याचे काम आम्ही त्यांच्याकडेच सोपविले. वही घालून ते चोख करतात.

गेल्या रविवारी माझी पत्नी गावी होती, फोन बंद करून मी झोपलो होतो. नऊ वाजता हे दादा जिना उतरून दारात हजर! वहीत माझे नाव कधी लिहिले, ते मला ठाऊक नाही. मला चांगलेच फैलावर घेऊन, चहा पिऊन गेले.